पटांगणातील पडदा आणि विमानपट

प्रश्न : बीड तालुक्यातील आमच्या गावी शाळेच्या पटांगणात रात्री विमानविषयक चित्रपट दाखवावयाचा आहे. कोणता निवडावा?

उत्तर : गोविंद निहलानी यांचा १९८२ सालचा ‘विजेता’ निःसंकोच निवडावा, कारण उघड्यावर, जेथे चांदणे व रस्त्यावरचे दिवे पडद्यावरील काळोख पुसून टाकतात, तेथे अंधाऱ्या दालनांतील नाट्य फिके पडते, परंतु भर उन्हात निळ्या आकाशी झेपावणारे मिग-२१ शेवटच्या रांगेतील माणसासही स्वच्छ दिसते, आणि आईबापांच्या बेबनावात होरपळणारा मुलगा वैमानिक कसा घडतो, हे आपल्याकडील तरुणांनी अवश्य पाहावे असे मला मनापासून वाटते. ‘नीरजा’ (२०१६) उत्तमच. तथापि १९८६ मधील कराचीच्या अपहरणाची ती कथा बव्हंशी विमानाच्या बंदिस्त पोटात घडते, आणि लहान मुले भेदरतात. ‘हवाईजादा’ (२०१५) दाखविल्यास, शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या उड्डाणास विश्वसनीय पुरावा नाही, हे आरंभीच सांगणे अगत्याचे.

दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेली कुटुंबे परतल्याखेरीज तारीख मुक्रर करू नये. चैत्र-वैशाखातील कृष्णपक्ष, रात्री आठनंतर, ही वेळ योग्य. हक्कधारकाची लेखी परवानगी आधीच मिळवावी. पडदा चारी बाजूंनी बांबूंस ताणून बांधावा. वैशाखातील वारा सैल कापडाचे शीड करून टाकतो.