पाण्यापलीकडचा झेंडा

प्रश्न : मी आमगावजवळच्या खेड्यात राहतो. गोल्फचे मैदान कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही, पण मोबाइलवर ‘गोल्फ क्लॅश’ रोज खेळतो. साधे होल जमतात. वाटेत पाणी आले की मात्र घोळ होतो. निशाण नेमके झेंड्यावर ठेवतो, सुई मधोमध असतानाच फटका सोडतो, तरी चेंडू तळ्यात जातो. हा खेळ मुद्दाम हरवतो का? की महागडे क्लब घेतल्याशिवाय अवघड होल पार होतच नाहीत?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : खेळ तुम्हाला फसवत नाही. सुई मधोमध होती म्हणजे चेंडू तुम्ही ठरवलेल्या दिशेनेच निघाला. चूक झाली ती दिशा ठरवताना. फटक्याआधी पडद्यावर चेंडूच्या वाटेची जी रेघ दिसते, ती वारा अजिबात नाही असे धरून काढलेली असते. वाऱ्याचा बाण आणि त्याचा आकडा बाजूला वेगळा दिलेला असतो. त्याचा हिशेब खेळणाऱ्याने करायचा. म्हणून निशाण आधी हवे त्या जागी ठेवा आणि मग वारा जिकडून येतोय तिकडे सरकवा. वारा डावीकडून असेल तर निशाणही डावीकडे.

किती सरकवायचे, हा खरा प्रश्न. बरेच जण आकडा पाहून प्रत्येक क्लबला सारखीच दुरुस्ती करतात आणि तिथेच फसतात. वारा चेंडूला किती ढकलेल, हे चेंडू हवेत किती वेळ राहतो यावर ठरते. धान उफणताना सूप जितके उंच धराल तितका फोल लांब जाऊन पडतो, तसेच हे. त्यामुळे एकाच वाऱ्यात ड्रायव्हरचा लांब फटका जेवढा भरकटतो, तेवढा छोट्या आयर्नचा भरकटत नाही. एकाच क्लबने पूर्ण ताकदीचा फटका मारला तर दुरुस्ती जास्त लागते, कमी अंतराचा मारला तर कमी. निशाणाभोवतीची रंगीत वर्तुळे या मोजमापासाठी फार कामाची आहेत. अमुक क्लब, अमुक वारा, इतकी वर्तुळे सरकवली, चेंडू कुठे पडला, असे वहीत टिपत गेलात तर हात लवकर बसेल.

समोरचा वारा आणि पाठीमागचा वारा सारखेच काम करतात, हाही एक गैरसमज. खऱ्या मैदानावरचा ठोकताळा असा, की समोरून ताशी १० मैलांचा वारा असेल तर अंतर साधारण १० टक्के घटते, पण तोच वारा पाठीमागून आला तर जेमतेम ५ टक्केच वाढते. चेंडू उलटा फिरत जातो, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात तो जास्त वर उचलला जातो, हवेचा अडथळाही वाढतो आणि मग तो आखूड पडतो. १५० यार्डांच्या फटक्यात म्हणजे १५ यार्ड गेले. तळ्यावरून मारताना एवढे पुरते.

आता दुसरी गोष्ट. चेंडू पडतो तिथेच थांबत नाही. तुम्ही निशाण झेंड्यावर ठेवता, चेंडू तिथे टप्पा घेतो आणि मागच्या उतारावरून पाण्यात घरंगळतो. टप्पा झेंड्याच्या अलीकडे घ्यावा. अलीकडे जागाच नसेल तर बॅकस्पिन द्यावा, म्हणजे चेंडू पडल्यावर लवकर थांबतो.

अवघड होल मुळात शेवटाकडून सुरुवातीकडे आखायचा असतो. चेंडू चुकलाच तर कुठे चुकलेला चालेल, हे आधी ठरवावे. जगातल्या उत्तम खेळाडूंनाही हे न पाळल्याची किंमत मोजावी लागली आहे. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल मैदानाचा १२ वा होल सुमारे १५५ यार्डांचा, म्हणजे आखूडच. पण ग्रीनच्या पुढ्यात ओढा आहे. २०१६ च्या मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी जॉर्डन स्पीथ निम्मी फेरी संपली तेव्हा ५ फटक्यांनी पुढे होता. पुढच्या दोन होलवर त्याचा एकेक फटका वाया गेला. १२ व्या होलवर झेंडा ग्रीनच्या उजव्या अंगाला होता. स्पीथचा चेंडूही उजवीकडे गेला आणि ओढ्यात पडला. दंड घेऊन मारलेला पुढचा फटकाही ओढ्यातच गेला. पार ३ च्या त्या होलवर त्याला ७ फटके लागले आणि विजेतेपद डॅनी विलेटकडे गेले. त्या होलवर ग्रीनचा मधला भाग सुरक्षित मानतात. तिथून झेंडा लांब राहतो, पण दोन पटमध्ये पार मिळतो.

तुमच्या खेळात तर समोर एकच प्रतिस्पर्धी आणि एकच होल असतो. त्याचा चेंडू पाण्यात गेला असेल तर तुम्ही झेंड्यावर झेप घ्यायचे काहीच कारण नाही. सरळ ग्रीनच्या मध्यावर मारा. तो झेंड्याजवळ पोचला असेल तेव्हाच धोका पत्करा. बरोबरी झाली तर झेंड्याच्या जास्त जवळ कोण टाकतो यावर निकाल लागतो, आणि तिथे तुमची वही कामाला येते.

राहिला क्लबचा प्रश्न. नुसत्या ताकदीने अवघड होल सुटत नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. मैदानावरच्या इतर अनेक जणींचे फटके तिच्यापेक्षा लांब जात होते. तिने तो फरक ग्रीनवर, पटिंगमध्ये भरून काढला. तेव्हा खिशातले पैसे घालू नका. पेट्यांमधून मिळणारी कार्डे आणि जमलेली नाणी पुरेशी आहेत. ती खर्च करताना क्लबची ताकद शेवटी पाहा. आधी अचूकता पाहा, मग बॅकस्पिन. आणि सुरुवात ड्रायव्हरपासून न करता छोट्या आयर्नपासून करा, कारण तळ्यापलीकडच्या ग्रीनवर उतरवणारा फटका बहुतेक वेळा त्यानेच मारायचा असतो.