अंगाला लागेल ते आपले, वर मिरवेल ते भाड्याचे

माझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी, बाहेर झोपाळा फुलांनी सजला होता, ओटीचे साहित्य ताटात मांडून झाले होते आणि सुवासिनींची ये-जा सुरू झाली होती, त्या वेळी आतल्या खोलीत सासूबाई आणि जाऊबाई भाड्याने आणलेल्या शिवलेल्या नऊवारीचा कमरेचा पट्टा माझ्या सातव्या महिन्याच्या पोटावर बसविण्याची पराकाष्ठा करीत होत्या. शेवटी हूक उघडे ठेवून, पट्ट्याला नाडीचा तुकडा जोडून आणि ब्लाउजच्या पाठीला चार पिना लावून मला झोपाळ्यावर बसविण्यात आले. फुलांची वाडी भरली गेली, पेढा-बर्फीच्या वाट्यांचा खेळही झाला. परंतु त्या दोन तासांत माझे चित्त समारंभात नव्हते, ते कमरेवर रुतणाऱ्या त्या पट्ट्यापाशी होते.

भाड्याने वस्त्र घेण्याचा माझा निर्णय मुळात चुकीचा नव्हता, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. गर्भारपणाचा काळ शेवटच्या पाळीपासून मोजला तर 280 दिवसांचा, आणि त्यातही देहाचा आकार खऱ्या अर्थाने पालटलेला असतो तो काळ अवघ्या चार-पाच महिन्यांचा. तेवढ्यासाठी भरजरी पोशाख विकत घेऊन पुढे तो कपाटात वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे ऋण काढून सण करण्यासारखेच आहे. शिवाय ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पूर्वी वाड्यातील एकीची पैठणी दुसरीच्या डोहाळजेवणास बिनतक्रार जात असे आणि घडी मोडल्याचा आनंद दोघींनाही होत असे. मात्र त्या व्यवहारात दोन गोष्टी गृहीत होत्या, ज्या दुकानातील व्यवहारात गृहीत धरता येत नाहीत: वस्त्र कोणाच्या अंगावरून आले हे ठाऊक असे, आणि ते न शिवलेले असे.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व माझ्या ध्यानात फार उशिरा आले. साडी हे मुळातच वाढत्या देहाला सामावून घेणारे वस्त्र आहे. पाचवारीच्या निऱ्या दोन कमी घेतल्या, नऊवारीचा ओचा सैल सोडला, की तेच कापड पाचव्या महिन्यात आणि नवव्या महिन्यातही अंगावर सारखेच शोभते. शिवलेली नऊवारी मात्र, नाव साडीचे असले तरी, कमरेच्या मापात बांधलेली असते. मी माप दिले ते पाचव्या महिन्याच्या अखेरीस, आणि समारंभ होता सातव्याच्या अखेरीस. पाचव्या महिन्याच्या अखेरीस गर्भाशयाचा माथा साधारणतः नाभीच्या पातळीस असतो आणि तेथून पुढे तो दर आठवड्यास सुमारे एक सेंटीमीटर वर सरकतो, या काळात वजनही आठवड्यास जवळजवळ अर्धा किलो वाढते, ही माहिती तपासणीच्या वेळी मला मिळालेली होती. परंतु ती कपड्याच्या मापाशी जोडून पाहण्याचे मला सुचले नाही आणि दुकानदारानेही विचारले नाही.

खरा त्रास पुढे उद्भवला. समारंभानंतर दहा-बारा दिवसांनी कमरेभोवती, बरोबर त्या पट्ट्याच्या रेषेवर, खाज सुटून गोल चट्टे उमटले. त्वचारोगतज्ज्ञांनी गजकर्णाचे निदान केले. गजकर्णाच्या बुरशीचे बीजाणू कापडात कित्येक आठवडे टिकून राहू शकतात, आणि शाळांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातील मिरवणुका, लग्नाचे हळदी-समारंभ अशा कित्येक प्रसंगी अनेकींच्या घामाने भिजलेले वस्त्र केवळ इस्त्री करून पुन्हा दिले गेले, तर ते बीजाणू पुढच्या अंगावर जाणे अशक्य नाही. माझा संसर्ग त्याच वस्त्रातून आला हे मी शपथेवर सांगू शकत नाही; परंतु घरात अन्य कोणासही तो नव्हता. अशा वेळी एरवी पोटातून दिली जाणारी बुरशीनाशक औषधे गर्भारपणात सहसा टाळतात, त्यामुळे केवळ मलमावर विसंबून मला सहा आठवडे काढावे लागले, आणि नववा महिना लागला तरी रात्री खाजेने झोपमोड होत होती. दुकानात सहज मिळणारे, स्टेरॉइड मिसळलेले मलम लावण्याचा सल्ला काहींनी दिला. त्याने खाज तात्पुरती शमते पण बुरशी पसरते, अशी ताकीद वैद्यांनी वेळीच दिली म्हणून मी वाचले.

तिसरी गोष्ट पैशाची. भाडे 1,800 रुपये आणि अनामत रक्कम 3,000 रुपये ठरली होती. पोशाख परत करतेवेळी काष्ट्याच्या आतील बाजूस हळदीचा जुना डाग दाखवून अनामतीतून निम्मी रक्कम कापून घेण्यात आली. डाग आमच्याकडचा नव्हता, कारण हळदी-कुंकवाचे बोट त्या जागी लागण्याचे कारणच नव्हते. पण ताब्यात घेताना वस्त्र उलगडून पाहिलेले नव्हते, छायाचित्र काढलेले नव्हते, आणि पावतीवर वस्त्राच्या स्थितीची एक ओळही नव्हती. पुराव्याअभावी माझी तक्रार शब्दांपुरतीच राहिली.

हे सारे सांगण्याचा हेतू कोणास भिवविण्याचा नाही. ज्या भगिनी या मार्गाने जाऊ इच्छितात त्यांनी तो सुरक्षितपणे चालावा, एवढीच इच्छा आहे.

सर्वप्रथम, वस्त्राची निवड. शक्यतो न शिवलेली साडी भाड्याने घ्यावी आणि ब्लाउज व परकर स्वतःचे वापरावेत. ब्लाउज ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाचा असावा, किंवा शिंप्याकडून शिवणीत पुरेशी माया ठेवून घ्यावा, म्हणजे दोन महिन्यांत दोनदा उसवून वाढविता येतो. परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक असावे आणि ते पोटाच्या खाली बसावे. शिवलेली नऊवारीच हवी असल्यास आत स्वतःची सुती लेगिंग घालावी, आणि माप समारंभाच्या आठवडाभर आधी पुन्हा देण्याची अट व्यवहार ठरतानाच घालून घ्यावी. छायाचित्रांसाठी मिळणारे पायघोळ, जमिनीवर लोळणारे झगे केवळ बसून वा उभे राहूनच मिरवावेत. या काळात देहाचा तोल पुढे झुकलेला असतो, सांधे सैलावलेले असतात, आणि जिन्यावर पाय अडकला तर त्याची भरपाई कोणत्याही अनामतीतून होत नाही.

दुसरे, स्वच्छता. पोशाख आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी ताब्यात घ्यावा आणि सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवावा. ड्रायक्लीनिंगच्या द्रावकाचा वास त्याने उतरतो. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाहीत, त्यामुळे तीही भीती बरीच कमी होते. गजकर्णाचे बीजाणू मात्र वाऱ्याने जात नाहीत, आणि रेशीम कढत पाण्यात धुता येत नाही. म्हणूनच अंगास लागणारा थर आपला असावा, हा आग्रह. वस्त्रास डांबरगोळ्यांचा उग्र दर्प येत असेल तर ते सरळ परत करावे. त्यांतील नॅप्थलीन तांबड्या रक्तपेशींना अपायकारक असते, आणि ज्या अर्भकांत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असते त्यांना त्यामुळे तीव्र कावीळ होऊ शकते. बाळंतविड्याचे कपडेही त्या गोळ्यांजवळ ठेवू नयेत.

तिसरे, दस्तऐवज. भाडे, अनामत, परतीची मुदत, विलंबाचा दंड आणि डाग पडल्यास कपातीची कमाल मर्यादा, हे सर्व पावतीवर लिहून घ्यावे. दुकानातच वस्त्र पूर्ण उलगडून, काठ, पदर, काष्टा आणि अस्तर यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. प्रकृतीच्या कारणास्तव समारंभ पुढे ढकलावा लागल्यास काय, हा प्रश्न गर्भवतीच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाचा असल्याने त्याचेही उत्तर लेखी असावे. एवढे करूनही अन्याय झाला, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही, आणि 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनी उपलब्ध आहे.

शेवटी हिशोब. ज्या वस्त्राचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, तेवढेच भाड्याने आणावे. कार्यालयात रोज घालावयाचे सैल सुती कुडते विकत घ्यावेत, किंवा बहिणीकडून, जावेकडून धुऊन आणावेत. पुढची बटणे असलेले निवडले तर ते बाळाला पाजण्याच्या काळातही उपयोगी पडतात.

गर्भवतीने सुंदर दिसावे ही इच्छा क्षुल्लक नाही. आपल्या समाजाने तिच्यासाठी एक स्वतंत्र समारंभच योजून ठेवला आहे. परंतु झोपाळ्यावर बसलेल्या तिच्या मुखावरील समाधान हेच त्या दिवसाचे खरे भूषण होय, आणि ज्या वस्त्रात तिला मोकळा श्वास घेता येत नाही, ते कितीही जरतारी असो, तिने दुकानदारास त्याच दिवशी परत करावे.