चालण्यास अडचण असणाऱ्यांसाठी बॅटरी-स्कूटर : निवड कशी करावी

घरात भिंतीच्या आधाराने वावरता येते, परंतु बाहेर पन्नास-शंभर पावले गेल्यावर गुडघे वा दम साथ देत नाही, अशा व्यक्ती प्रत्येक गावात व मोहल्ल्यात आढळतात. त्यांच्यासाठी बसून चालवावयाची बॅटरी-स्कूटर हे उपयुक्त साधन होय. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी १९६८ साली घरातील आजारी व्यक्तीसाठी असे वाहन तयार केले. आता ती आपल्याकडील शहरांतही मिळते. मात्र चुकीची निवड झाल्यास मोठी रक्कम खर्चून आणलेले वाहन अंगणात धूळ खात राहते आणि माणूस पूर्वीसारखाच घरात अडकतो. म्हणून वाहन पाहण्यापूर्वी घर, रस्ता व चालवणाऱ्याचे शरीर या तिहींची तपासणी करणे अगत्याचे आहे.

इंदूर येथील स्नेहलतागंज या वस्तीचे उदाहरण घेऊ. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत आणि जुन्या वस्त्यांमधील घरांची ठेवण महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेशी जुळणारी आहे. समजा, अशा एका घरात संधिवाताने जखडलेल्या सत्तरीच्या आजी राहतात. घराचे जोते दीड फूट उंच आहे. बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार असावा. म्हणजे दीड फुटासाठी अठरा फूट! एवढा उतार थेट रस्त्याच्या मध्यभागी जाईल. लांबी वाचवण्यासाठी पाच-सहा फुटांची खडी फळी टाकणे हे तर अपघाताला आमंत्रणच होय. चढताना वाहन मागे उलटू शकते. तेव्हा स्कूटर घरात नेण्याचा हट्ट सोडावा. ती जिन्याखाली अगर ओट्यालगत छपराखाली ठेवावी, पायऱ्यांना भक्कम कठडा बसवावा व आजींनी दोन पायऱ्या उतरून तिच्यावर बसावे. छपराखाली विजेची जोडणी मात्र हवी, अन्यथा बॅटरी रोज वर कोण नेणार?

या उदाहरणावरून मुख्य गोष्ट ध्यानात येईल. स्कूटर ही थोडे चालता येणाऱ्याची, ताठ बसू शकणाऱ्याची व हातांत ताकद असणाऱ्याची गाडी आहे. ज्यांना पाठीला आधार दिल्याशिवाय बसता येत नाही, किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळे कमरेखाली संवेदना नाही, त्यांना योग्य गादी असलेली चाकाची खुर्चीच हितावह. संवेदना नसलेल्या भागावर नकळत जखमा होतात. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आजारात आज जमणारे सुकाणू दोन वर्षांनी जमेलच असे नाही, म्हणून तेथे बोटाने चालवावयाची विजेची खुर्ची विचारात घ्यावी. पक्षाघाताने एक हात निकामी झाला असल्यास वेगाची कळ चांगल्या हाताकडे आहे ना, हे पाहावे. दृष्टी व अवधान यांची वैद्यकीय तपासणी टाळू नये.

लहानपणी पोलिओ झालेल्यांचा येथे वेगळा उल्लेख करावासा वाटतो. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला, परंतु त्यापूर्वी बाधित झालेले अनेक जण आज पन्नाशी-साठीत आहेत. वर्षानुवर्षे हाताने तीनचाकी सायकल फिरवून त्यांचे खांदे झिजतात. हात पूर्ण थकण्यापूर्वीच बॅटरीच्या वाहनाकडे वळणे त्यांच्या हिताचे असते.

वाहनाकडे वळू. तीनचाकी स्कूटर कमी जागेत वळते, परंतु वेगात वळण घेताना वा रस्ता एका बाजूला कललेला असताना कलंडण्याचा संभव अधिक. चारचाकी स्थिर असते, पण तिला वळावयास जागा लागते. गटारावरील जाळ्या, फुटलेल्या फरशा व गतिरोधक असलेल्या रस्त्यावर फार लहान चाके अडकतात, आणि पोटाखालची उंची कमी असल्यास वाहन टेकते. आसन फिरणारे व हात उचलता येणारे असावे. उतरताना गुडघ्यांना त्याचा मोठा आधार होतो. कळ सोडताच वाहन थांबते ना, हे उतारावर स्वतः बसून पाहावे. मोटार मोकळी करण्याचा दांडा उतारावर कधीही ओढू नये.

विक्रेता सांगतो तो पल्ला सपाट रस्ता, नवी बॅटरी व हलका माणूस गृहीत धरून असतो. त्याच्या निम्माच विश्वासार्ह मानावा. राजवाड्याचा बाजार वा एम. वाय. रुग्णालय येथपर्यंत जाऊन परत येण्याचे अंतर त्यात बसते का, हे आधी मोजावे. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त पण जड असते व रिकामी ठेवल्यास लवकर खराब होते. लिथियमची हलकी, परंतु महाग.

बॅटरीच्या वाहनाची मोटार ०.२५ किलोवॅटहून व कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असेल आणि अन्य विहित अटी पूर्ण होत असतील, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ते मोटार वाहन गणले जात नाही. पेट्रोलच्या स्कूटरला बाजूची दोन चाके जोडून घेतल्यास मात्र नोंदणी व परवाना आवश्यक असतो. अनेक जण हा फरक लक्षात न घेताच गॅरेजात चाके जोडून घेतात.

ज्यांना खर्च झेपत नाही, त्यांनी खरेदीपूर्वी शासकीय साहाय्याची चौकशी करावी. केंद्र शासनाची साहाय्यक साधनांची योजना १९८१ पासून चालू आहे. १९७२ साली स्थापन झालेले कानपूरचे भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम तिच्यासाठी साधने पुरवते. तीव्र अपंगत्व असणाऱ्यांना बॅटरीची तीनचाकी तिच्यातून मिळू शकते. उत्पन्न, वय व टक्केवारीच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या जिल्ह्याच्या सामाजिक न्याय कार्यालयातून ताज्या समजून घ्याव्यात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र आधी काढून ठेवावे. शिबिराच्या दिवशी धावपळ करून ती होत नाहीत. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी गावातील अशा व्यक्तींची यादी करून घरच्या दाराची रुंदी, जोत्याची उंची व वीजजोडणीची जागा त्यासोबत टिपून दिली, तर शिबिरात योग्य साधन सुचवणे सोपे जाईल.