तांडेलाची शिकवण



वरळी कोळीवाड्यात पोरगं होडीवर चढतं ते तांडेलाच्या हाताखाली. पहिला धडा भरतीचा. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार; भरती सुमारे ६ वाजता. हिशेब सोपा, पण खडक नि पाण्याची ओढ सोबत राहूनच कळते. सागरी रस्त्याच्या खांबांतले अंतर ६० मीटर ठरले होते. होड्यांना ते अपुरे, हे कोळ्यांनी अनुभवाने सांगितले. २०२२ साली शासनाने १२० मीटर मान्य केले.

आपल्याकडेही दाणा धरला की नाही, हे जुन्या पॅनमनच्या बोटांना कळते. तो निवृत्त झाला की ती विद्याही घरी जाते. म्हणून आम्ही म्हणतो, त्याच्या शेजारी एक पोरगं आजच उभं करा.