आवाज फुटलेल्या मुलास गप्प बसवावे काय?

आमच्या हातून घडलेली एक चूक आम्ही येथे सांगतो. ती ऐकून इतर शिक्षकबंधू व भगिनी सावध होतील अशी आशा आहे. आठव्या इयत्तेतील एक मुलगा आमच्या गायनवर्गात नेहमी पुढे बसत असे. त्याचा गळा लहानपणापासून गोड. एके दिवशी वरच्या स्वरावर त्याचा आवाज चिरकला. मुले हसली, आणि आम्हीही त्यास म्हणालो, "बाळ, तू आता काही दिवस गप्प बैस." तो गप्प बसला, तो पुन्हा गावयास उभा राहिलाच नाही.

ही गोष्ट एकाच मुलाची नव्हे. कित्येक प्रौढ पुरुष उपासनेत ओठ मिटून उभे राहतात. त्यांस विचारावे तर म्हणतात, "आम्हांस गळा नाही." त्यांपैकी कित्येकांचा गळा शाळेतच कोणीतरी बंद केलेला असतो.

आता आवाज फुटतो म्हणजे काय होते ते पाहू. साधारणतः बारा ते पंधरा वर्षांच्या वयात मुलाच्या गळ्यातील स्वरयंत्र वाढते आणि त्यातील स्वरतंतू लांब व जाड होतात. जाड व लांब तार खालचा स्वर देते, हे सतार पाहिलेल्या मनुष्यास ठाऊकच आहे. तसाच हा प्रकार होय. मुलाचा आवाज हळूहळू सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो; परंतु तो बदल थोडा असल्यामुळे ध्यानात येत नाही. हा रोग नव्हे. चिंच किंवा ताक यांस दोष देणेही व्यर्थ होय.

मग उपाय कोणता? तो आपल्या संगीतातच आहे. आपला षड्ज एका जागी खिळलेला नाही. ज्याच्या गळ्यास जो मानवेल तो त्याचा 'सा'. इंग्लंडातही याच तत्त्वावर मोठे कार्य झाले. जॉन कर्वेन नावाच्या पाळकांस इ. स. १८४१ मध्ये हल येथील शब्बाथ शाळांच्या शिक्षकांच्या सभेने गायन शिकविण्याची सोपी रीत शोधण्यास सांगितले. त्यांनी नॉरिच येथील सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेची रीत घेऊन ती वाढविली. तीतही पहिला स्वर गाण्याप्रमाणे सरकतो. तिच्यामुळे साध्या कामकरी लोकांसही स्वर वाचून गाता येऊ लागले.

तेव्हा शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्या.

पहिली. मुलास साध्या बोलीत आपले नाव व गाव सांगावयास लावावे. तो ज्या उंचीवर बोलतो, तिच्या आसपास पेटीवर त्याचा 'सा' शोधावा. दर दोन महिन्यांनी तो पुन्हा तपासावा, कारण तो बदलत जातो.

दुसरी. त्यास थोड्याच स्वरांत गाऊ द्यावे. सा रे ग प ध एवढे पाच स्वर पुरेत. वर्गाचे पद उंच जात असेल, तर त्याने खालच्या सप्तकात गावे, अथवा नुसता 'सा' धरून ठेवावा. ओरडून वरचा स्वर काढण्यास मात्र कधीही लावू नये.

तिसरी. गळा थकेल त्या दिवशी हात व डोळे कामास लावावे. केरव्याच्या आठ मात्रा व दादऱ्याच्या सहा मात्रा टाळीने मोजाव्या. भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपी शिकवावी: स्वराखाली बिंदू तो मंद्र, वर बिंदू तो तार, स्वराखाली आडवी रेघ ती कोमल. हे ज्यास आले, तो गळा स्थिर होताच नवे पद आपले आपण बसवील.

चौथी. कोणी हसला, तर त्याच वेळी त्यास थांबवावे.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो व त्याच्या आईबापांदेखत त्याची क्षमा मागितली. तो आता वर्गात येतो व ढोलकी धरतो. गात मात्र अद्याप नाही. मागच्या आठवड्यात ठेका धरताना त्याचे ओठ किंचित हलताना आम्ही पाहिले. आम्ही काही बोललो नाही. त्याच्या आवाजास जवळचा वाटला तो 'सा' तेवढा पेटीवर धरून ठेवला.