अर्जातला 'हॅड'

चि. सायली हिस,


तुझा नोकरीचा अर्ज वाचला. मजकूर नेटका आहे, पण जिथे तिथे 'हॅड' पेरलायस. 'आय हॅड कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन 2022.' वाचणारा थबकतो: बरं, मग पुढे काय झालं? 'हॅड' आला की भूतकाळातलीच आणखी एक घटना लागते, जिच्या आधी ही उरकलेली असते. तुझ्या वाक्यात ती दुसरी घटनाच नाही. सरळ 'आय कम्प्लीटेड' लिही.

हे येतं आपल्या मराठीतून. 'काल पुण्याला गेले होते' असं आपण सहज म्हणतो. त्यातलं 'होते' दुसऱ्या कुठल्या घटनेची वाट पाहत नाही. जाऊन आले, एवढंच सांगतं. इंग्रजीत कालच्या पुण्याला 'आय वेंट' पुरतं.

हान्स रायशेनबाख या तत्त्ववेत्त्याने 1947 साली या 'हॅड'ची छान उकल केली. क्षण तीन: घटना घडली तो, आपण बोलतोय तो आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे पाहतोय तो. गोंधळ या तिसऱ्याचा: 'हॅड' घटनेला त्याच्या आधी नेऊन ठेवतो. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे तू पोचलीस तेव्हा फलाट रिकामा. 'द ट्रेन लेफ्ट' म्हटलंस तर तू पोचलीस आणि गाडी डोळ्यांदेखत सुटली. वाक्यात 'आफ्टर' किंवा 'बिफोर' असेल तर क्रम तेच सांगतात. मग 'हॅड' नसला तरी बहुधा चालतं.

अर्जात खरं जपायचं ते 'हॅव'ला. 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' म्हणजे नोकरी अजून चालू. 'आय वर्क्ड देअर' म्हणजे सोडली. तू सोडलेल्या नोकरीलाही 'हॅव' लावलायस. मुलाखतीत साहेब आधी नोटिस पिरियड विचारतील! आणि काल, गेल्या वर्षी, 2022 साली असा ठरलेला काळ वाक्यात आला, की 'हॅव' काढून टाकायचा.

'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर इंग्लंडात सहसा 'हॅव' घेतात, अमेरिकेत साधा भूतकाळही चालतो. त्यावरून वाद घालत बसू नकोस.

आता प्रत्येक 'हॅड'खाली पेन्सिलीने रेघ मार आणि त्याची दुसरी घटना शोध. सापडली नाही तर खोड. सुधारलेली प्रत रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मला वेळ नाही. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा