मोटर जळते ती सांध्यातून



ऐन उन्हाळ्यात ऊस पाण्याला आलेला असतो आणि नेमकी मोटर जळते. आपण विजेला बोल लावतो, रिवायंडिंगवाल्याला लावतो. पण पुष्कळदा खरा दोष असतो तो वायरीच्या एका सैल सांध्यात.

तार का तापते? प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. ५ अश्वशक्तीची, ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटर पूर्ण भारावर सुमारे ७.५ अँपिअर घेते. सांध्यात अर्धा ओहम अडथळा असला, तरी तेवढ्याच जागी २८ वॅट उष्णता तयार होते. डाग द्यायचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते! मग सांध्यातले कथील-शिसे वितळेल नाही तर काय?

सांधा सुटला की एक फेज गेली. चालू मोटर उरलेल्या दोन फेजवर तशीच ओढत राहते, त्यांतला प्रवाह पावणेदोन पटींच्या घरात जातो आणि गुंडाळी जळते.

सांधा असा करावा :

१) मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा.

२) तांब्याची तार घासून चकचकीत करा, घट्ट पिळा. पकड पिळाची असते; सोल्डर फक्त फटी बुजवते.

३) कल्हईवाला आधी भांडे तापवतो, मग कथील फिरवतो. तसेच इथे तार तापवा, सोल्डर आपोआप आत ओढले जाईल. मात्र नवसागर किंवा ॲसिड वापरू नका, ते तार खाते. राळ वापरा.

४) स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर नको. दाबाखाली ते हळूहळू सरकते आणि स्क्रू सैल होतो. तिथे लग दाबून बसवा.

५) तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांत पिळू नका. त्यासाठी वेगळा कनेक्टर मिळतो.

आता फ्यूजबद्दल. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार घालणारे आपल्यात कमी नाहीत. व्होल्टेज उतरले की तेवढेच पाणी उचलायला मोटर जास्त प्रवाह ओढते. अशा वेळी तिला वाचवतो तो ओव्हरलोड रिले. तो मोटरच्या पाटीवरील अँपिअरलाच लावा. पाण्याची पाळी चुकेल म्हणून तो बांधून ठेवू नका. एक पाळी चुकली तर ऊस तग धरेल; मोटर जळाली तर कित्येक पाळ्या जातील.